जुन्या गाड्यांची वीज (लेखांक ९) : तिसरा लाल दिवा

एमजीबी रोडस्टरची उंची जेमतेम सव्वा मीटर. मागचे दिवे त्याहून बरेच खाली, बंपरच्या जरासे वर, दोन्ही कडांना. १९६२ साली ही गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या मागून येणारी गाडीही बहुधा ठेंगणीच असायची. आज मागे एसयूव्ही असते, नाहीतर ट्रक. त्यांच्या ड्रायव्हरची नजर एमजीबीच्या टपावरून सरळ पुढच्या वाहनावर जाते आणि खाली कोपऱ्यात पेटलेले दोन लाल दिवे त्याला दिसायचे राहून जातात.

एमजी म्हटलं की आपल्याकडे आता गुजरातेत हालोलला बनणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. हा लेख त्या नावाच्या जुन्या मालकिणीबद्दल आहे. १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या. त्यातल्या पुष्कळ अजून चालतात आणि मालक त्या हौसेने रस्त्यावर काढतात. ब्रिटन-अमेरिकेत रविवारी सकाळी हमरस्त्यावर ही गाडी दिसणं अजिबात नवलाचं नाही. म्हणूनच तिच्या पाठीचा विचार करायला हवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जी जुनी गाडी खरोखर चालवायची आहे, तिला तिसरा ब्रेक लाइट लावावा. तो एलईडीचाच असावा. मात्र तो लावताना मूळच्या पत्र्याला एकही भोक पडू नये आणि मूळची एकही वायर कापली जाऊ नये. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येतात. कशा, ते आज बघू.

आधी मूळच्या दिव्यांची अडचण समजून घेऊ. एमजीबीच्या मागच्या लाल काचेआड एकच बल्ब टेल लाइटचंही काम करतो आणि ब्रेक लाइटचंही. बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात, एक ५ वॅटची आणि दुसरी २१ वॅटची. दिवसा ब्रेक दाबला की काळोख्या काचेत उजेड येतो, ते कळतं. रात्री मात्र दिवा आधीच लाल असतो. ब्रेक दाबल्यावर तो फक्त जास्त लाल होतो. मागच्या माणसाला ‘आहे’ आणि ‘जास्त आहे’ यांतला फरक ओळखावा लागतो. मधोमध असलेला तिसरा दिवा एरवी पेटतच नाही. तो दिसला की एकच अर्थ, गाडी थांबते आहे. माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, उंची आणि उजेड त्याच्या नंतर.

या दिव्याचा जन्म अपघातांच्या हिशेबातून झाला. जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ३४३ टॅक्सींच्या मागे मधोमध एक जादा दिवा बसवला आणि १६० टॅक्सी तशाच ठेवल्या. १९७४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी घटल्या होत्या. पुढे अमेरिकन सरकारने स्वतः चाचण्या घेतल्या आणि १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला उंचावरचा मधला ब्रेक लाइट सक्तीचा केला. युरोपात ही सक्ती यायला १९९८ उजाडलं.

त्याच १९९८ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने या दिव्याचा लांब पल्ल्याचा हिशेब मांडला. धडका कमी झाल्या होत्या, पण ४.३ टक्क्यांनी. साठवरून चारवर आलेला हा आकडा पाहून निराश व्हायचं कारण नाही. टॅक्सींवरचा दिवा तेव्हा नवलाचा होता, म्हणून लोक दचकून बघत. सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर नवल संपलं आणि जो उरला तो खरा फायदा. काही डॉलरच्या एका दिव्याने कोट्यवधी गाड्यांच्या अपघातांत एवढी घट होणं ही लहान गोष्ट नाही. जुन्या गाडीबाबत मला आणखी एक वाटतं. आजच्या ड्रायव्हरची नजर मधल्या दिव्यावर तयार झालेली आहे. त्याच्या समोर तो नसलेली गाडी आली की त्या नजरेला नेहमीच्या जागी काही सापडत नाही.

आता एलईडीच का? फिलॅमेंटचा बल्ब तापल्याशिवाय उजळत नाही. वीज पोचल्यापासून पुरता उजेड पडायला सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. एलईडीला तापावं लागत नाही, तो तत्क्षणी पेटतो. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एक पंचमांश सेकंदात जवळजवळ साडेचार मीटर पुढे येते. एमजीबीची स्वतःची लांबी ३.९ मीटर आहे. म्हणजे मागच्या ड्रायव्हरला एका अख्ख्या एमजीबीहून जास्त अंतर आधी इशारा मिळतो.

दुसरं कारण जुन्या वायरिंगचं. फिलॅमेंटचा उजेड व्होल्टेजवर फार नाजूकपणे अवलंबून असतो. बारा व्होल्टच्या जागी बल्बपर्यंत साडेदहाच पोचले, तर उजेड तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतो. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत दीड व्होल्ट वाटेत गळणं अगदी सहज घडतं. ब्रेकच्या स्विचमध्ये थोडे, फ्यूजच्या गंजलेल्या चिमट्यात थोडे, डिकीतल्या जोडांत थोडे, अर्थिंगला थोडे. चांगल्या एलईडी दिव्यात करंट सांभाळणारं सर्किट असतं. १० ते ३० व्होल्ट असं लिहिलेला दिवा घेतला, तर साडेदहा व्होल्टवरही तो तेवढाच उजेड देतो. शिवाय त्याची भूक अगदी कमी. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, तर हा दिवा दोन-तीन वॅटचा, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास. जुन्या स्विचला तो जाणवतही नाही.

पण नवा दिवा चांगला आहे म्हणून जुन्यांकडे दुर्लक्ष चालणार नाही. मागच्या दिव्याची काच काढून आत बघा. एकेकाळी चकचकीत असलेला आतला भाग राखाडी पडलेला असतो. होल्डरच्या तळाशी हिरवट-पांढरी पूड जमलेली असते आणि बल्बच्या बुडाचे शिशाचे दोन ठिपके स्प्रिंगच्या दाबाने चपटे झालेले असतात. होल्डर बारीक पॉलिश पेपरने घासा, बल्ब नवा घाला, काच आतून साबणाच्या पाण्याने धुवा. मग अर्थिंगकडे या. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत दिव्याची अर्थ त्याच्या स्क्रू-नटांतून बॉडीच्या पत्र्यात जाते. तिथे गंज किंवा नव्या रंगाचा थर आला की करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही त्याच तालात उघडझाप करतो. असं काही दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थ साफ करा. हे झाल्याखेरीज तिसऱ्या दिव्याला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे. मूळचे दोन दिवे आजारी ठेवून तिसरा लावणं म्हणजे गळक्या छपराखाली नवं घमेलं ठेवणं.

आता जोडणी. ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगला रंगांची एक भाषा आहे, ती या लेखमालेच्या वाचकांना आता सवयीची झाली असेल. हिरवी वायर म्हणजे इग्निशन चालू असताना फ्यूजमधून येणारी वीज. ब्रेकच्या स्विचमधून पुढे गेली की तिच्या अंगावर जांभळी रेघ येते. हिरवी-जांभळी हीच आपली वायर. लाल ती टेल लाइटची, तिला हात लावायचा नाही. काळी अर्थची. डिकीत ही हिरवी-जांभळी वायर काळ्या रबरी नळीतल्या बुलेट कनेक्टरमध्ये येते. वायरच्या टोकाला पितळेची गोळी असते आणि अशा दोन गोळ्या नळीच्या दोन बाजूंनी आत खटकन बसतात. याच कनेक्टरचा चार गोळ्या घेणारा जोडभाऊ जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. दोनचा काढायचा, चारचा लावायचा, मूळच्या गोळ्या होत्या तशा बसवायच्या आणि मोकळ्या भोकात आपल्या नव्या वायरची गोळी घालायची. वायर सोलणं नाही, पिळणं नाही, वर चिकटपट्टी नाही. उद्या दिवा काढायचा झाला तर गोळी ओढून काढली की गाडी पूर्ववत. चालू वायरला कचकन चावा घेणारे प्लास्टिकचे निळे-लाल क्लिप बाजारात मिळतात. ते टाळा. त्यांच्या पात्याने वायरच्या तारा तुटतात आणि उघड्या जागी ओल शिरते.

नव्या वायरवर एक-दोन अँपिअरचा छोटा इनलाइन फ्यूज जरूर घाला. गाडीचा मूळ फ्यूज ३५ अँपिअरला वितळणारा आहे. आपली बारीक वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर तो फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. नव्या दिव्याची अर्थही वेगळी, स्वतःच्या काळ्या वायरने, खरवडून स्वच्छ केलेल्या एखाद्या बोल्टवर द्या. जुन्या दिव्याच्या अर्थेवर भार टाकू नका.

१९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. त्यांच्या मालकांनी इथे थांबून वाचावं. बल्बला दिशा नसते, एलईडीला असते. या गाड्यांत बॉडी धन असते, म्हणून दिव्याची लाल वायर बॉडीला आणि काळी वायर हिरव्या-जांभळ्याला जोडायची. दिव्याचं कवच धातूचं असेल, तर आणखी एक तपासणी हवी. काही दिव्यांत काळी वायर आतून कवचालाच जोडलेली असते. असा दिवा पॉझिटिव्ह अर्थच्या बॉडीवर थेट बसवला, तर ब्रेक दाबताक्षणी शॉर्ट होईल. मल्टिमीटरने कवच आणि काळी वायर यांच्यात सलग मार्ग आहे का ते आधी बघा. प्लास्टिकच्या कवचाचा दिवा घेतला तर हा प्रश्नच मिटतो.

दिवा लावायचा कुठे? पक्क्या टपाची एमजीबी जीटी असेल तर सोपं आहे. मागच्या काचेच्या वरच्या कडेला आतून लावता येतो. तिथे दिवा काचेला घट्ट टेकलेला हवा, नाहीतर रात्री त्याचा लाल उजेड काचेवरून परत येऊन आरशात चमकतो. मागचं दार उघडतं तिथे वायरला थोडी ढील ठेवा. रोडस्टरचं काम अवघड, कारण हूड खाली असताना उंच असं काही उरतच नाही. डिकीवर क्रोमचा कॅरिअर असेल तर त्याच्या मागच्या दांडीला दिवा क्लॅम्पने बांधावा, ही माझी पहिली पसंती. कॅरिअर नसेल तर डिकीच्या झाकणावर दुहेरी चिकट फोमने लावता येतो. पण झाकण मागे उतरतं आहे, हे विसरू नका. उतारावर सपाट चिकटवलेल्या एलईडीचा झोत आकाशाकडे जातो. खाली छोटी पाचर देऊन दिव्याचं तोंड सरळ मागे करा. मग कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून दहा-पंधरा मीटर मागे जा आणि आधी उभ्याने, मग बसलेल्या ड्रायव्हरच्या उंचीवरून बघा. ही तपासणी दुपारच्या उन्हात करा, रात्री पुन्हा करा.

दिवा जास्तीत जास्त प्रखर हवा, हा समज मात्र चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमात कडेच्या ब्रेक लाइटचा उजेड किमान ६० कँडेला लागतो, मधल्याला २५ पुरतो, आणि मधल्यावर ११० ची वरची मर्यादाही आहे. तो डोळ्यांच्या रेषेत असतो, सिग्नलला मागे थांबलेल्या माणसाला दिपवू नये म्हणून. लुकलुकणारे, पळणारे, रंग बदलणारे दिवे घेऊच नका. ब्रिटनमध्ये ब्रेक लाइट स्थिर पेटणाराच हवा, असा कायदा आहे.

आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. वर सांगितलेल्या पद्धतीने लावलेला दिवा या तिन्हींपैकी कशालाच हात लावत नाही. तरी प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांना मूळ रूप दाखवायचं असेल, तर तो काही मिनिटांत उतरवता येतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. तिन्ही दिवे एकाच स्विचवर पेटतात. स्विच गेला तर तिसराही जातो. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये हा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो. जुना झाला की तो हलक्या पावलाला दाद देत नाही, पेडल जोरात दाबल्यावरच जोडतो. तेव्हा एलईडीने वाचवलेला एक पंचमांश सेकंद तिथेच वाया जातो. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, पेडल अगदी हळूहळू दाबा आणि भिंतीवर लाल उजेड नेमका कधी पडतो ते आरशात बघा. पेडल निम्मं आत गेल्यावर पडत असेल, तर स्विच बदलायची वेळ झाली आहे. तेल न सांडता तो कसा बदलायचा आणि त्याच्यावरचा साडेतीन अँपिअरचा भार रिलेवर कसा टाकायचा, ते पुढच्या आठवड्यात.