गेम अडकतो कुठे? खिशात हात घालण्याआधी हे पाहा

2024 च्या दिवाळीत कापसाचे पैसे हाती आले आणि पहूरच्या आमच्या घरी संगणक आला. थोरल्या मुलीला तो बी.एस्सी.च्या अभ्यासासाठी हवा होता, धाकट्याला गेमसाठीही. जळगावहून 55 हजारांचा संच आणला. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्डही बसवून घेतले. पण गेम सुरू केला की पडद्यावरची मोटार थोडी पळायची आणि थबकायची. दुकानदाराला फोन केला. "प्रोसेसर कमी पडतो, बदलून घ्या," असे उत्तर मिळाले. म्हणजे आणखी 12 हजार! हरभऱ्याच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले पैसे मोडावे की काय, असा प्रश्न आम्हा दोघांना पडला. आज घरोघरी मुलांचा असा हट्ट चालू असतो. त्या पालकांसाठी आमचा हा अनुभव.

आधी गेम चालतो कसा, ते समजून घेऊ. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. सेकंदाला 60 चित्रे आली की खेळ सुरळीत दिसतो. 1920 बाय 1080 च्या नेहमीच्या पडद्यावर एका चित्रात 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. ते सगळे सेकंदात 60 वेळा रंगवायचे असतात.

कापूस वेचणीचेच उदाहरण घ्या. प्रोसेसर हा मुकादम. मोटार कुठे वळली, कोण कोणाला धडकले, हा हिशेब तो ठेवतो आणि कामे वाटून देतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वेचणाऱ्या बायांची टोळी. त्यातील शेकडो-हजारो लहान घटक एकाच वेळी ठिपके रंगवतात. मुकादम कितीही हुशार असला तरी एकट्याने शेत वेचून होत नाही. अनेकांनी एकाच वेळी काम करण्याच्या याच तत्त्वावर पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक उभा केला होता.

म्हणून बहुतेक गेमसाठी सर्वांत महत्त्वाचे ते ग्राफिक्स कार्डच. पण आपल्या घरी नेमके काय कमी पडते, हे कसे ओळखावे? गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन कमी करावे. गेम पळू लागला तर चित्र रंगवणारा भाग कमी पडतो आहे. फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसर. मुलीने हे करून पाहिले आणि गेम पळाला! म्हणजे दोष प्रोसेसरचा नव्हता. मग नवे कार्ड करत काय होते? ती टेबलाखाली शिरली आणि म्हणाली, "पप्पा, मॉनिटरची वायर कार्डाला लावलेलीच नाही."

वायर मदरबोर्डच्या खाचेत होती. त्यामुळे प्रोसेसरमधील लहानशी चित्रव्यवस्था एकटी राबत होती आणि कार्ड स्वस्थ बसले होते. वायर बदलली. सेकंदाला 22 चित्रे येत होती, ती 70 च्या घरात गेली. खर्च शून्य.

इतर भागांचेही थोडक्यात सांगतो. रॅम 16 जीबी असावी. 16 च्या एका पट्टीपेक्षा 8 च्या दोन पट्ट्या बऱ्या. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, पण चित्रांची संख्या सहसा वाढत नाही. 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रेच दाखवतो. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. तो बिघडला तर इतर भागही जळू शकतात. डब्यातल्या रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही.

आणि आपल्या खानदेशचे ऊन विसरू नका. 2025 च्या मे महिन्यात अर्ध्या तासाने गेम पुन्हा अडखळू लागला. डबा उघडला तर पंख्यांवर धुळीचा थर! कार्ड फार तापले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. संगणक बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने धूळ झाडली. पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरला. डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढला. तक्रार मिटली.

हरभऱ्याचे पैसे हरभऱ्यालाच लागले. आता गल्लीत कोणाचा संगणक अडला की "ताई, जरा बघता का?" म्हणत मुले आमच्या दारी येतात. ती प्रथम डब्याच्या मागची वायर बघते. आपणही नवा भाग घेण्याआधी तेवढे जरूर बघावे.