माल सांपडला, मग अपील कशाचें?



वर्तमानपत्रांत अधूनमधून एका ठराविक स्वरूपाची बातमी येते. अमुक इसमाजवळ चरस किंवा हेरॉइन सांपडलें. खालच्या न्यायालयानें त्यास दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. पुढें अपिलांत तो निर्दोष ठरून सुटला. बातमी वाचतांच घरांत पहिला उद्गार निघतो तो असा कीं, ‘माल तर सांपडला होता, मग सुटला कसा?’ उद्गार स्वाभाविक आहे. ज्या पदार्थांनीं तरुण मुलांच्या आयुष्यांची माती होते, ते बाळगणाराविषयीं कोणाला दया यावी? परंतु ‘माल सांपडला’ हें वाक्य आपण सिद्ध गोष्ट म्हणून उच्चारतों, आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशापुढें नेमका तोच प्रश्न असतो. माल कोणाजवळ सांपडला, कोणासमक्ष सांपडला, किती सांपडला, आणि प्रयोगशाळेंत तपासला गेला तो हाच माल काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें जुळल्यावांचून तें वाक्य पुरें होत नाहीं.

प्रथम कायदा किती कडक आहे तें पाहूं. अफूसंबंधाचे १८५७ व १८७८ चे कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा हे रद्द करून १९८५ सालीं आपल्या देशांत अमली पदार्थांचा नवा कायदा आला. २००१ च्या दुरुस्तीनें शिक्षेची प्रतवारी मालाच्या वजनावर ठरूं लागली. गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत व हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’ मानलें जातें. गांजा २० किलो, चरस १ किलो व हेरॉइन २५० ग्रॅम यांच्यापुढें ‘व्यापारी प्रमाण’ सुरू होतें. व्यापारी प्रमाण सिद्ध झालें कीं शिक्षा निदान दहा वर्षांची. ती वीस वर्षांपर्यंत जाऊं शकते, आणि निदान एक लाख रुपये दंड होतो तो वेगळाच. दहा वर्षांहून कमी देण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हातीं नाहीं.

याहूनहि विशेष गोष्ट अशी कीं, सामान्य फौजदारी खटल्यांत आरोपीच्या मनांत काय होतें हें सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर असतो. या कायद्याच्या ३५ व्या व ५४ व्या कलमांनीं तो बराचसा आरोपीच्या माथीं ठेवला आहे. माल त्याच्या ताब्यांत होता एवढें सिद्ध झालें, कीं तो जाणूनबुजून बाळगला असें न्यायालय गृहीत धरतें, आणि ‘मला ठाऊक नव्हतें’ हें दाखविणें त्याचें काम होऊन बसतें. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हीं कलमें वैध ठरविलीं. मात्र त्याच निवाड्यांत सांगितलें कीं, ताबा हा पाया सरकारपक्षानें आधीं पक्का घातला पाहिजे, मगच गृहीतकाची भिंत त्यावर उभी राहील. अपिलांतील सारा वाद बहुतेक या पायासंबंधींच असतो.

अपील म्हणजे खटला पुन्हां चालविणें नव्हे. विशेष न्यायालयानें शिक्षा दिल्यावर साठ दिवसांच्या आंत उच्च न्यायालयाकडे दाद मागतां येते. तुरुंगांत असलेल्या कैद्यानें आपला अर्ज तुरुंगाधिकाऱ्याच्या हवालीं केला तरी तो वर पाठविला जातो, आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चानें वकील मिळतो. उच्च न्यायालयापुढें साक्षीदार सामान्यतः पुन्हां उभे राहत नाहींत. त्यांच्या जबान्या, पंचनामे व प्रयोगशाळेचे दाखले यांचे कागद तेथें नव्यानें वाचले जातात. शिक्षा कायम होऊं शकते, कमी होऊं शकते किंवा रद्द होऊं शकते. पण केवळ आरोपीनेंच अपील केलें असतां ती वाढवितां येत नाहीं.

हें वाचन कसें होतें याचा गोव्यांतील एक खटला चांगला नमुना आहे. त्यांतील सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा २००५ च्या निवाडेसंग्रहांत छापलेला आहे. एका इसमाजवळ १८०.७० ग्रॅम चरस सांपडल्याचा आरोप होता. माल दोन पाकिटांत घालून सीलबंद केला होता. प्रयोगशाळेंत पाकिटें उघडलीं तेव्हां एकाच्या वजनांत नाममात्र फरक निघाला; दुसऱ्याच्या वजनांत मात्र बरीच तूट दिसली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें दुसरें पाकीट बाजूस ठेवून पहिल्याच्या आधारें शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयाला हें पटलें नाहीं. झडती एकच, जप्ती एकच. मग त्यांतील अर्धी खरी मानावयाची व अर्धी सोडून द्यावयाची, हें कसें? सील केलेल्या मालाहून प्रयोगशाळेंत पोंचलेला माल कमी भरला, तर सबंध जप्तीचीच विश्वासार्हता ढांसळते, असें त्या न्यायालयानें म्हटलें. आणि आरोपी सुटला.

यांत शब्दच्छल तो काय? आपण सोन्याच्या पाटल्या तोलून, पुडकें बांधून सावकाराकडे गहाण ठेवल्या, आणि सोडवितांना एक पाटली वजनांत भरेना, तर ‘दुसरी तर बरोबर आहे ना’ या उत्तरानें आपलें समाधान होईल काय? माझें आयुष्य शाळेंत गेलें. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचें सील फुटलेलें दिसलें, तर आंतील एखादी पत्रिका बदलली गेल्याचा पुरावा कोणी मागत बसत नाहीं. त्या गठ्ठ्यावरचा विश्वासच उडतो. जप्तीच्या मालाचें असेंच आहे. म्हणूनच ठाण्याच्या अंमलदारानें माल आपल्या सीलानिशीं सुरक्षित ठेवावा, आणि अटक व जप्ती यांची हकीकत अठ्ठेचाळीस तासांच्या आंत वरिष्ठास कळवावी, असें कायदा सांगतो. खिशापासून प्रयोगशाळेच्या मेजापर्यंतची ही वाट जितकी अखंड, तितका पुरावा भक्कम.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा अंगझडतीचा. ज्याची अंगझडती घ्यावयाची, त्यास राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमक्ष ती करून घेण्याचा हक्क ५० व्या कलमानें दिला आहे. पण ज्याला आपला हक्क ठाऊकच नाहीं, तो तो मागणार कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें १९९९ सालीं ठरविलें कीं, ही माहिती देणें अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे; ती न दिल्यानें सबंध खटला आपोआप रद्द होत नाहीं, पण केवळ अशा झडतींत मिळालेल्या मालावर आधारलेली शिक्षा टिकत नाहीं. २०१० सालीं दुसऱ्या पांच न्यायाधीशांनीं आणखी स्पष्ट केलें कीं, ‘जवळजवळ पालन झालें’ एवढ्यानें येथें भागणार नाहीं.

याचा अर्थ प्रत्येक चुकीबरोबर आरोपी सुटतो असा मात्र कोणीं करूं नये. २००५ सालच्या हिमाचल प्रदेशाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ५० वें कलम माणसाच्या अंगझडतीपुरतें आहे. त्याच्या हातांतील पिशवीला तें लागू नाहीं. तसेंच २०२० सालीं ठरलें कीं, हेरॉइनमध्यें दुसरी भुकटी मिसळली असेल तर सबंध मिश्रणाचें वजन धरावयाचें. अपिलांत आरोपीच्या बाजूचे मुद्दे जितक्या बारकाईनें पाहिले जातात, तितक्याच बारकाईनें ते फेंटाळलेहि जातात.

अपिलाची आणखी एक बाजू बातमीत सहसा येत नाहीं. ती म्हणजे काळ. अपील दाखल होतें व निकाल लागतो यांमध्यें वर्षें जातात. १९८९ सालीं या कायद्यांत ३२-अ हें कलम घालून, अपील चालू असतां शिक्षा तहकूब ठेवण्याचा न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला होता. महाराष्ट्रांतील एका खटल्यावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि २००० सालीं त्या न्यायालयानें कलमाचा तेवढा भाग घटनाबाह्य ठरविला. कारण उघड आहे. दहा वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर ‘तूं निर्दोष होतास’ असें सांगणारें अपील कोणाच्या उपयोगाचें? तथापि सुटकेच्या अटी अजूनहि फार कठीण आहेत, आणि पुष्कळांचें अपील तुरुंगाच्या भिंतींआडच वाट पाहत पडतें.

तेव्हां नियम हे गुन्हेगाराला मिळालेल्या पळवाटा आहेत, असें मला वाटत नाहीं. जेथें कायद्यानें शिक्षेची किमान मर्यादा बांधून न्यायाधीशाचा हात धरला, आणि निर्दोषपणा दाखविण्याचा भार आरोपीच्या माथीं ठेवला, तेथें नियमांखेरीज निरपराध्याला दुसरा आधार उरत नाहीं. कोणाच्या पिशवींत पुडी कोणीं टाकली, हें सांगणारा साक्षीदार क्वचितच मिळतो. पण पंचनामा खरा कीं खोटा हें कागद सांगूं शकतात. शिवाय नियम पाळून केलेली जप्ती अपिलांतहि टिकते. खरा विक्रेता सुटूं नये अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें नियम मोडल्याचा राग न्यायालयावर न काढतां ज्यानें ते मोडले त्याच्यावर काढावा.

शेवटीं आपणां गृहस्थांचें एक कर्तव्य सांगतों. वाटेनें जातांना पोलिसांनीं पंच म्हणून बोलाविलें, तर टाळूं नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनें झडतीचें चित्रीकरण आवश्यक केलें आहे. तरी डोळस पंचाची गरज संपलेली नाहीं. पूर्ण वेळ उभे राहा. वजन स्वतः पाहा. सील लागेपर्यंत जागा सोडूं नका. आणि पंचनामा वाचल्यावांचून सही करूं नका. कित्येक वर्षांनीं न्यायाधीश तो कागद हातीं घेतील, तेव्हां आपल्या एका सहीवर एखाद्या निरपराध्याचीं दहा वर्षें, किंवा एखाद्या खऱ्या अपराध्याची शिक्षा, अवलंबून असेल.