पाठ फिरविलेला केशवसिंह

विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका या राज्यसत्तेच्या तीन शाखा एकमेकींपासून अलिप्त ठेवाव्यात, हा मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडलेला सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत जितका सुबक दिसतो तितका तो आपल्या राज्यघटनेत उतरलेला नाही, आणि तो तसा उतरू नये असेच घटनाकारांनी समजून-उमजून ठरविले होते. संपूर्ण विभक्ततेचा आग्रह धरणारी प्रा. के. टी. शहा यांची दुरुस्ती घटना समितीने १९४८ च्या डिसेंबरात फेटाळली. कारण ज्या पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात, सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि बहुमत ढळताच पायउतार होतात, तीत पहिल्या दोन शाखांमध्ये भिंत घालणे म्हणजे त्या पद्धतीचा प्राणच हरण करणे होय. स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिल्याचे डॉ. आंबेडकरांनी मसुदा सादर करतानाच सांगून टाकले होते. ते माप किती कठोर आहे हे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचे मंत्रिमंडळ एका मताने कोसळले तेव्हा सर्वांनी पाहिले.

न्यायपालिकेची गोष्ट निराळी. सारा वसूल करणारा मामलेदारच पूर्वी फौजदारी खटलेही चालवी, तेव्हा थकबाकीसाठी ज्याच्यापुढे हात जोडावयाचे त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी रयतेवर येई. मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने ही गल्लत मोडून काढली. देशभर तसे व्हावयास १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली.

परंतु सभागृह आणि न्यायालय यांची हद्द नेमकी कोठे, या प्रश्नाला तोंड फुटले ते लखनौत, आणि तेही एका पत्रकापायी. गोरखपूरच्या केशवसिंह नावाच्या कार्यकर्त्याने एका आमदाराविरुद्ध पत्रक छापले; उत्तर प्रदेश विधानसभेने तो हक्कभंग ठरवून त्यास समज देण्यासाठी बोलाविले, तर रेल्वेच्या भाड्यास पैसे नाहीत असे त्याने कळविले. १४ मार्च १९६४ रोजी त्याला धरून आणले, तेव्हा तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला आणि विचारलेल्या प्रश्नांना त्याने उत्तरच दिले नाही. सात दिवसांची कैद झाली. सहाव्या दिवशी त्याच्या वकिलाने अर्ज करताच उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठावरील बेग व सहगल या न्यायमूर्तींनी त्याला जामिनावर सोडले. आणि मग सभागृहाचा संताप असा अनावर झाला की, कैदी, वकील व दोन्ही न्यायमूर्ती यांना पकडून सभागृहापुढे हजर करावे, असा ठराव २१ मार्च रोजी मंजूर झाला! न्यायमूर्तींना स्वतःच अर्जदार होऊन अलाहाबादेस धाव घ्यावी लागली, आणि तेथे २८ न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने त्या हुकमाला स्थगिती दिली. सभागृहाने अटकेऐवजी खुलासा मागण्यापर्यंत माघार घेतली, आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा अभिप्राय मागविला. कोणत्याही कलमापेक्षा हे अर्धे पाऊल मागे घेणेच त्या आठवड्यात घटनेच्या अधिक उपयोगी पडले, असे मला वाटते.

सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने सप्टेंबरात दिलेल्या त्या अभिप्रायाचा गाभा असा, की ब्रिटिश पार्लमेंट सार्वभौम असेल, पण आपली विधिमंडळे लिखित घटनेची अपत्ये आहेत. म्हणून सभासद नसलेल्या नागरिकाला सभागृहाबाहेरील कृत्याबद्दल तुरुंगात धाडले, तर त्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार न्यायालयाला राहतो, आणि ती ऐकणारा न्यायाधीश सभागृहाचा अवमान करीत नाही. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र सभागृहाचा पक्ष उचलून धरला, आणि ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्सचे विशेषाधिकार घटनेने शब्दशः बहाल केले असताना त्यांना मुरड घालणारे न्यायालय कोण, हा त्यांच्या मताचा रोख आजही सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

खुद्द केशवसिंहाच्या पदरात यातले फारसे काही पडले नाही. १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा मूळ अर्ज गुणदोषांवर फेटाळला आणि उरलेली कैद त्याच्या वाट्यास आली. विशेषाधिकारांचा कायदा संसदेने अद्यापि केलेला नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने घटनेतून कॉमन्सचे नाव तेवढे गाळले, हक्क पूर्वीचेच ठेवले.