संथ ‘सुहाइली’

चपळ शिडाच्या होड्यांचा मला भारी नाद. त्यामुळे ‘सुहाइली’चे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मी चक्क नाक मुरडले. ही बत्तीस फुटी होडी आपल्या मुंबईतलीच. सुतारांनी सागवानातून हाताने घडवलेली; १९६४ साली पाण्यात उतरली. घाट मात्र तेव्हाच जुनाट, नॉर्वेच्या जीवरक्षक होड्यांच्या वळणाचा. दोन्ही टोके निमुळती, अंग जाडजूड, तळाचा कणा लांबलचक. वेग? धावणारा पोरगाही मागे टाकील!

पण १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे फाल्मथहून निघाले, ते कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला परतले. शर्यतीत नऊजण होते. पुरी केली ती या एकट्यानेच. वाटेत आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. चपळ होडी असती तर सुकाणूपाशी जागून माणूस अर्धमेला झाला असता. सुहाइली मात्र शिडे नीट जुळवली की आपली आपण वाट धरी, अन् हे गृहस्थ खुशाल झोपत. ही त्या लांब कण्याची करामत.

दोष होताच. तळाची शिवण गळू लागली. बुडी मारून त्यांनी ती बुजवली.

“तुमच्या आवडत्या होडीतून जाल का हो एवढे लांब?” सौभाग्यवतींनी विचारले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.