सभागृहात भाषणे कशासाठी?

लोकसभेत किंवा विधानसभेत एखादे विधेयक चर्चेला येते, तेव्हा कोणत्या पक्षाचे सभासद किती, हे सर्वांस ठाऊक असते. मतदानाचा निकालही बहुधा आधीच ठरल्यासारखा असतो. मग सभासद तासन् तास भाषणे कशासाठी करतात? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात शिकलेल्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रात सापडते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले. वडील लवकर वारल्यामुळे थोरल्या भावाने नोकरी करून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. पुढे गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. १९११ साली त्यांनी तेथे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना व जिल्हा बोर्डांना मिळावा, असे त्यात म्हटले होते.

त्या कायदेमंडळात सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत होते. विधेयक फेटाळले जाणार, हे गोखल्यांना कळून चुकले होते. तरीही त्यांनी आकडे मांडले, बडोदे संस्थानाचा व परदेशांचा दाखला दिला आणि विरोधकांच्या आक्षेपांना उत्तरे दिली. मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ मते पडली, विरुद्ध ३८.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? तसे नव्हे. काही सभासद केवळ आपल्या मतदारांच्या कानी पडावे म्हणून बोलतात, हे खरे. परंतु सभागृहातील भाषणाचे कार्य याहून मोठे आहे. सरकारला नकार द्यावयाचा असला, तरी त्याची कारणे सर्वांसमक्ष सांगावी लागतात. भाषणे लिहून घेतली जातात, छापली जातात आणि वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचतात. ज्यांना तेथे जागा नाही, त्यांचे गाऱ्हाणे तेथे मांडले जाते. हे कार्य निर्भयपणे व्हावे, म्हणून संसदेतील भाषणाबद्दल सभासदावर खटला भरता येत नाही, अशी तरतूद भारतीय संविधानात आहे.

गोखले १९१५ साली निवर्तले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. २००९ साली स्वतंत्र भारताच्या संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. १९१२ साली ज्या विचाराला अवघी १३ मते पडली होती, तो आज देशाचा कायदा आहे.