जुन्या बोनेटखाली नवे इंजिन

अमेरिकेत साठच्या दशकात जन्मलेल्या 'मसल कार'ची मोहिनी सहा दशकांनंतरही ओसरलेली नाही. या गाड्यांचे बाह्यरूप तसेच ठेवून इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र आजच्या काळातील बसवण्याची पद्धत तिकडे चांगलीच रुळली आहे. अर्थात, इंजिन बदलले की गाडी सुधारली, इतके हे प्रकरण सोपे नाही. नव्या इंजिनामागोमाग गाडीतील जवळपास प्रत्येक यंत्रणेत बदल करावा लागतो. आणि काही गाड्यांच्या बाबतीत हा उद्योग न करणेच शहाणपणाचे ठरते.

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीसाठी बनवलेले आठ सिलिंडरचे 'व्ही-८' इंजिन बसवायचे, ही मसल कारमागची मूळ कल्पना. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकारातील आद्य गाडी मानली जाते. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन 'ऐच्छिक सुविधा' म्हणून देऊन त्यातून वाट काढली. त्याच वर्षी फोर्डने मस्टँग आणली आणि तिला उत्तर म्हणून १९६७ च्या मॉडेलपासून शेवरोलेची कॅमेरो बाजारात आली. काटेकोरपणे पाहता या दोन गाड्या 'पोनी कार' म्हणून ओळखल्या जातात. मात्र मोठ्या इंजिनांच्या आवृत्त्यांमुळे त्यांचीही गणना मसल कारमध्ये होते. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हा जोश सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच मावळला.

कागदावरची अश्वशक्ती

या गाड्यांच्या ताकदीच्या आख्यायिका ऐकताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळात अमेरिकी कंपन्या अश्वशक्तीचा 'ग्रॉस' आकडा जाहीर करीत. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या मांडणीवर ठेवून, त्याला गाडीतील सायलेन्सर, हवेचा फिल्टर, अल्टरनेटर वगैरे ओझी न लावता हे मोजमाप होई. १९७२ पासून मात्र ही सारी उपांगे जोडून मोजलेला 'नेट' आकडा देण्याची रीत रूढ झाली. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही आकडे प्रसिद्ध केले होते. कॉर्व्हेटच्या ३५० घनइंचांच्या साध्या इंजिनाची ग्रॉस ताकद २७० अश्वशक्ती, तर नेट ताकद २१० अश्वशक्ती होती. इंजिन तेच, मोजण्याची पद्धत तेवढी निराळी.

आता २००८ च्या कॉर्व्हेटमधील 'एलएस३' हे इंजिन पाहा. ६.२ लिटरच्या या इंजिनाची ४३० अश्वशक्ती ही नेट पद्धतीने मोजलेली आहे. शिवाय ते थंडीत एका फटक्यात सुरू होते, वाहतूक कोंडीत शांतपणे चालते आणि कार्ब्युरेटरच्या कुरबुरींपासून मुक्त असते. केवळ वेगाच्या नादापायी नव्हे, तर जुनी गाडी रोज वापरता यावी म्हणून अनेक मालक या बदलाकडे वळतात, त्याचे कारण हेच.

'एलएस'च का?

या कामासाठी सर्वाधिक लोकप्रिय ठरलेली इंजिने म्हणजे जनरल मोटर्सची 'एलएस' मालिका. तिची सुरुवात १९९७ च्या कॉर्व्हेटमधील ५.७ लिटरच्या 'एलएस१'पासून झाली. त्याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने जुन्या बिडाच्या इंजिनाच्या तुलनेत गाडीच्या पुढच्या चाकांवरील भार बराच हलका होतो. झडपा हलवणारा कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या डोक्यावर नसून ब्लॉकच्या मध्यभागी आहे. ही रचना जुन्या धाटणीची वाटली, तरी तिच्यामुळे इंजिन अरुंद आणि बुटके राहते.

हा फायदा किती मोठा आहे, हे फोर्डच्या उदाहरणावरून लक्षात येते. २०११ च्या मस्टँगपासून आलेल्या ५ लिटरच्या 'कायोटी' इंजिनात सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेवर दोन कॅमशाफ्ट आहेत. इंजिन उत्तम, पण वरच्या बाजूला एवढे रुंद की साठच्या दशकातील मस्टँगमध्ये ते बसवायचे, तर पुढच्या सस्पेन्शनला आधार देणारे पत्र्याचे मनोरे बहुधा कापावे लागतात.

'एलएस'च्या प्रसाराचे दुसरे कारण म्हणजे पुरवठा. याच घराण्यातील ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिने १९९९ पासून शेवरोलेच्या सिल्व्हराडो या पिकअप ट्रकमध्ये येऊ लागली. साहजिकच अपघातग्रस्त ट्रक मोडीत निघाले की त्यांची इंजिने भंगाराच्या यार्डात मिळू लागली. ज्यांना नवेच इंजिन हवे, त्यांच्यासाठी कंपनीच खोक्यात बांधलेले 'क्रेट' इंजिन विकते. शेवरोलेच्या 'कनेक्ट अँड क्रूझ' संचात तर इंजिन, गिअरबॉक्स आणि दोहोंचे नियंत्रक संगणक एकत्र मिळतात. डॉजच्या मूळ कंपनीनेही १९७६ पूर्वीच्या गाड्यांसाठी 'हेलक्रेट' नावाने ७०७ अश्वशक्तीचे सुपरचार्जरयुक्त इंजिन बाजारात आणले होते.

गिअरबॉक्सचे गणित

ताकदीची चर्चा इंजिनाभोवती फिरत असली, तरी रोजच्या वापरात चालकाला अधिक जाणवतो तो गिअरबॉक्समधील बदल. साध्या आकडेमोडीतून तो समजून घेता येईल. टायरसह चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.७३ आहे असे धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाला असे चाक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. जुन्या 'मन्सी' गिअरबॉक्समध्ये चारच गिअर आणि चौथ्याचे गुणोत्तर १. म्हणजे त्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांनी फिरत राहणार. महामार्गावर तासन् तास हा आवाज ऐकत जाणे कोणाही चालकाला थकवणारे असते.

ट्रेमेक कंपनीच्या 'टी-५६' या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्याचे गुणोत्तर १ असले, तरी १९९८ ते २००२ च्या व्ही-८ कॅमेरोत वापरलेल्या आवृत्तीत पाचव्याचे ०.७४ आणि सहाव्याचे ०.५० आहे. त्याच वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे १,५०० वर येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीतही असेच घडते. पहिल्या पिढीच्या कॅमेरोत दोनच गिअरचा 'पॉवरग्लाइड' मिळत असे. त्याजागी चार गिअरचा '४एल६०-ई' बसवल्यास वरच्या गिअरचे गुणोत्तर ०.७० असल्याने तेच फेरे २,१०० होतात. इंजिन शांत चालते, पेट्रोलची बचत होते आणि सुरुवातीच्या गिअरमधील जोरही कायम राहतो.

एका बदलापाठोपाठ दुसरा

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली की एकेक अडचण पुढे येऊ लागते. नव्या इंजिनाचे माउंटिंग जुन्या फ्रेमच्या छिद्रांशी जुळत नाही. त्यासाठी मधे जोडपट्ट्या बसवाव्या लागतात. ट्रकच्या इंजिनाचे ऑइल चेंबर खोल असते आणि ते खालच्या आडव्या तुळईवर आदळते किंवा जमिनीच्या फार जवळ येते. म्हणून उथळ चेंबर शोधावे लागते. धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला घासत नाही ना, हेही पाहावे लागते. 'टी-५६' आकाराने मोठा असल्याने मधल्या बोगद्याचा पत्रा बऱ्याचदा कापून उंच करावा लागतो. हे टाळू पाहणारे ट्रेमेकच्या 'टीकेएक्स'सारख्या पाच गिअरच्या आटोपशीर गिअरबॉक्सची निवड करतात. गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्टही नव्या मापाने बनवून घ्यावा लागतो.

इंधनाची व्यवस्था तर मुळापासून बदलते. कार्ब्युरेटरला पेट्रोलचा अर्ध्या बारच्या आसपासचा दाब पुरतो आणि तो इंजिनावरचा साधा पंप देतो. 'एलएस'च्या इंजेक्टरांना मात्र सुमारे ४ बार दाब लागतो. त्यासाठी टाकीतच विजेवरचा पंप, दाब नियंत्रक आणि तेवढा दाब सोसणाऱ्या नळ्या आवश्यक ठरतात. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण देणेच होय.

विजेची बाजूही तितकीच महत्त्वाची. जुन्या इंजिनात आठही सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा एकच डिस्ट्रिब्युटर असे. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'डेल्को' म्हणतात. 'एलएस'मध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. त्या संगणकाला हवा, तापमान, धुरातील ऑक्सिजन आणि क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारे सेन्सर लागतात. 'एलएस३'मध्ये तर अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसून केवळ विजेची तार जाते. यार्डातून आणलेल्या संगणकातील चोरीप्रतिबंधक यंत्रणा निष्प्रभ केल्याखेरीज इंजिन सुरूही होत नाही. जुना वेगमापक गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालतो, तर नवा गिअरबॉक्स विजेचे संकेत देतो. त्यामुळे तिथेही रूपांतरक बसवावा लागतो.

थांबण्याची ताकद

यातील सर्वांत गंभीर बाब वेग वाढवण्याची नसून वेग आवरण्याची आहे. १९६७ ते १९६९ च्या कॅमेरोला चारही चाकांवर ड्रम ब्रेक हीच मूळ व्यवस्था होती. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून घ्यावे लागत. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. वारंवार तापलेल्या ड्रम ब्रेकची पकड सुटू लागते, हे घाटातून उतरणाऱ्या चालकांना वेगळे सांगायला नको.

मागच्या अ‍ॅक्सलचेही तसेच. साध्या कॅमेरोतील 'दहा बोल्ट'चा अ‍ॅक्सल सहा सिलिंडरच्या किंवा लहान व्ही-८ इंजिनासाठी योजलेला होता. मोठ्या इंजिनांना 'बारा बोल्ट'चा दणकट अ‍ॅक्सल दिला जाई. १९६७ च्या बहुतेक गाड्यांना मागे एकाच पात्याचे स्प्रिंग होते आणि जोराने निघताना मागची चाके उड्या मारत. शिवाय कॅमेरोची पुढची फ्रेम उर्वरित सांगाड्याला बोल्टने जोडलेली असल्याने वाढीव ताकदीखाली सांगाडा पिळवटू नये, म्हणून मागून पुढे आधारदांडे टाकले जातात. म्हणूनच जाणते कारागीर आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सलचे काम पुरे करून मगच इंजिनाकडे वळण्याचा सल्ला देतात.

कायद्याची चौकट

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांच्या धूरतपासणीतून सूट आहे. त्यामुळे साठच्या दशकातील गाड्यांना तुलनेने मोकळीक मिळते. त्यानंतरच्या गाड्यांसाठी मात्र बसवलेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे हवे, त्याची केटॅलिटिक कन्व्हर्टरसह सर्व प्रदूषणरोधक उपकरणे जागेवर हवीत आणि या बदलाची खास केंद्रात तपासणी व्हायला हवी, असा दंडक आहे.

भारतातील स्थिती याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मालिका आणली. तीसाठीही वाहन मूळ स्वरूपात असणे आणि इंजिन, चेसिस वा सांगाड्यात मोठा फेरफार झालेला नसणे ही अट आहे. मुंबई-पुण्यातील हौशी मालकांनी अमेरिकेतील चित्रफिती पाहून गॅरेज गाठण्यापूर्वी हा फरक ध्यानी घेतलेला बरा.

जपायची की चालवायची?

कायद्यापलीकडचा प्रश्न मोलाचा आहे. १९६८ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर त्या गाडीच्या ओळखक्रमांकातील आकडे कोरलेले सापडतात. हे आकडे जुळणारी, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचेच इंजिन असलेली गाडी संग्राहकांच्या लेखी अधिक मोलाची असते. १९६९ मध्ये सुमारे २ लाख ४३ हजार कॅमेरो बनल्या. त्यांपैकी ४२७ घनइंचांचे अ‍ॅल्युमिनियम इंजिन असलेल्या 'झेडएल१' अवघ्या ६९ होत्या. अशा गाडीचे इंजिन उतरवून दुसरे बसवणे म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज खोडून पुन्हा लिहिण्यासारखे आहे.

उरलेल्या लाखो गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांतील अनेकांचे मूळ इंजिन कधीच हरवले आहे. सहा सिलिंडरच्या साध्या गाड्याही पुष्कळ होत्या. शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा अशी गाडी नव्या इंजिनावर रस्त्यावर धावत असेल, तर तिचे आयुष्य वाढते, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. मात्र या दोन टोकांच्या मधे असलेल्या गाड्यांबाबत एक साधी कसोटी लावता येते. बोल्टने बसवलेला बदल बोल्ट काढून पूर्ववत करता येतो. कापलेला पत्रा आणि वितळवलेला ब्लॉक परत येत नाही. ज्यांच्याकडे मूळ इंजिन शाबूत आहे, त्यांनी ते विकून न टाकता तेल भरून, झाकून ठेवावे आणि फ्रेमला कात्री लागणार नाही अशीच जोडणी निवडावी. पुढच्या मालकाला गाडी जपायची की चालवायची, हा निर्णय पुन्हा घेता आला पाहिजे.