पळते मस्त, पण थांबते का?

जुनी पल्सर हातात आली, खिशात दहा हजार आहेत. ते सायलेन्सरवर उडवायचे की गाडी खरंच भारी करायची?

मारेगावच्या पोराची स्पोर्ट्स कार दोन चाकांची असते. चार चाकांची रीलमध्ये पाहायची, फार तर नागपूरला गेलं की एखाद्या सिग्नलवर. इकडे वणीला कॉलेजात जायचं, करंजीवरून पांढरकवडा गाठायचं, मित्राच्या लग्नात दिमाखात उतरायचं, तर त्यासाठी पाहिजे ती पल्सर २२०. तीही नवी नाही. कुणाच्या तरी दादाने सात-आठ वर्षं वापरलेली, मग वणीच्या एखाद्याने चालवलेली आणि आता तुमच्याकडे आलेली. घरच्यांनी कापूस विकून काही पैसे दिले, काही तुम्ही सुट्टीत काम करून जमवले. गाडी दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाऊ, हिला काय काय करायचं?’

या गाडीची हवा उगाच नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणली तेव्हा आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे मायलेज, असंच गणित होतं. २००७ मध्ये २२० आली, ती फ्युएल इंजेक्शनवाली. २००९ मध्ये कार्ब्युरेटरवाली स्वस्त २२० आली आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून तिची जाहिरात झाली. २२० सीसी, २१ पीएस ताकद, दोन्ही चाकांना डिस्क, ऑइल कूलर, पुढे प्रोजेक्टर दिवा. त्याआधीच्या पिढीला यामाहा आरएक्स १०० चं वेड होतं. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनलेली ती ९८ सीसीची गाडी आज शौकीन लोक म्हणतील त्या किमतीला घेतात. विद्यार्थ्याच्या आवाक्यात उरली ती पल्सरच.

पण ती आवाक्यात का आली, हे आधी समजून घ्या.

स्वस्त का मिळाली?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २००९, १०, ११ च्या गाड्यांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, घेणारा मात्र आवाज ऐकत बसतो. मुदत संपली की आरटीओकडे गाडी तपासून घ्यायची, हरित कर भरायचा, मग पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या या नूतनीकरणाची फी एक हजार रुपये झाली आणि उशीर केला तर दर महिन्याला तीनशे रुपये जादा. वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी त्यानंतर आणखी वाढली. दोन वर्षं मुदत संपलेली गाडी ‘स्वस्तात’ घेतली, तर उशिराचेच सात हजार दोनशे रुपये मानगुटीवर बसतात.

म्हणून सौदा करताना पहिली नजर आरसीवरच्या तारखेवर टाका. दुसरी नावावर. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन गाडी आपल्या नावावर करून घ्या. ‘राहू दे ना भाऊ, चालते’ असं म्हणत तिसऱ्याच माणसाच्या नावाची गाडी कित्येक जण वर्षानुवर्षं फिरवतात. अपघात झाला की हीच गोष्ट दोघांनाही कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते. तिसरी नजर विम्यावर. २०२२ पासूनच्या दराने १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला १,३६६ रुपये अधिक जीएसटी. गाडी कितीही जुनी असो, याला सुटका नाही.

आवाज वाढला, गाडी तीच

आता येऊ मॉडिफिकेशनवर. बहुतेक पोरांचे पहिले पैसे जातात सायलेन्सरवर. बुलेटवाल्यांचा इंदोरी, आपला फ्री फ्लो. मग मोठा एअर फिल्टर, निळे-पांढरे एलईडी, मागचा मडगार्ड कापणं, बारका हँडल. चार-पाच हजार कुठे गेले कळतच नाही. गल्लीत गाडी आली की सगळे वळून पाहतात, ‘काय आवाज येते बे!’ पण गाडी पळते का जास्त?

साधं गणित करू. वेगात गाडीची सगळ्यात जास्त ताकद खर्च होते हवा कापण्यात. त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. समजा, सायलेन्सर आणि फिल्टर बदलून तुमच्या इंजिनाची ताकद पाच टक्के वाढली. एवढी वाढणंही अवघडच, पण धरू. ताशी १३० पळणारी गाडी आता पळेल ताशी १३२. दोन किलोमीटर. त्यासाठी चार हजार रुपये, शिवाय शेजारच्या म्हाताऱ्या काकांची दुपारची झोप. वर कार्ब्युरेटर नीट जुळवला नसेल तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बिघडतं, इंजिन तापतं आणि मायलेज पडतं ते वेगळंच.

रस्ता काय म्हणतो?

वणी-मारेगाव-करंजी रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्याला फार सांगायला नको. कापसाच्या हंगामात ओव्हरलोड ट्रॉल्या, त्यातल्या अर्ध्यांना मागचा लाल दिवा नाही. वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक. पावसात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पसरलेली, त्यावर टायर साबणासारखा घसरतो. आणि शेताच्या बांधावरून अचानक रस्त्यावर आलेलं रोही.

आता दुसरं गणित. ताशी ६० ने जाताना समोर काही दिसलं, तर डोक्याने ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. कोरडा रस्ता, बरे टायर, बरे ब्रेक असतील तर त्यानंतर थांबायला आणखी तेवीस-चोवीस मीटर. एकूण चाळीस. ताशी ८० असेल तर चौसष्ट मीटर. ताशी १०० असेल तर नव्वदच्या वर. आणि डिपरचा उजेड पडतो साधारण चाळीस-पन्नास मीटर, तोही काच स्वच्छ असेल तर. पंधरा वर्षं ऊन-धूळ खाल्लेल्या पिवळ्या काचेतून त्याहून कमी.

म्हणजे रात्री डिपरवर ८० ने जाणारा पोरगा जे त्याला दिसतच नाही, त्याच्या भरवशावर चाललेला असतो. ट्रॉली दिसेपर्यंत थांबायची जागा संपलेली असते.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे ४४.५ टक्के. हेल्मेट नव्हतं म्हणून मरण पावलेल्यांचा आकडा ५०,०२९. मारेगावसारख्या गावात हे आकडे लांबचे वाटत नाहीत. प्रत्येकाच्या ओळखीत असं एक तरी घर आहे.

दहा हजारात काय होतं?

म्हणून यादी उलटी करा. आधी गाडी रस्ता धरेल, मग थांबेल, मग दिसेल. पळायचं तिला आधीच येतं. भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

१. टायर : ४,४०० रुपये. २२० ला पुढे ९०/९०-१७ आणि मागे १२०/८०-१७. दिसायला भारी म्हणून याहून रुंद टायर टाकू नका, गाडी वळायला जड होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, पावसात तो रस्ता धरत नाही. रिमोल्ड टायर फुकट दिला तरी घेऊ नका.

२. ब्रेक : ९०० रुपये. दोन्ही चाकांचे पॅड आणि नवं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. जुन्या गाडीत ते काळं पडलेलं असतं आणि लिव्हर स्पंजसारखा दबतो. आणि पुढच्या ब्रेकला घाबरू नका. थांबवण्याचं जास्तीत जास्त काम तोच करतो. रिकाम्या मैदानात हळूहळू दाबायची सवय करा.

३. चेन-स्प्रॉकेट : १,८०० रुपये. पूर्ण किट बदला. नुसती चेन नवी आणि दाते जुने, तर नवीही लवकर जाते. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका. डिझेल आणि मऊ ब्रश, मग ९० नंबरचं गिअर ऑइल.

४. पुढचे शॉकअप आणि कोनसेट : १,३०० रुपये. शॉकअपमधलं ऑइल आणि सील बदलले की ब्रेक मारल्यावर गाडी नाकावर आपटत नाही. हँडल सरळ असताना मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला समजा. वळणावर गाडी ‘डोलते’ त्याचं कारण बहुतेकदा हेच.

५. इंजिन : १,१०० रुपये. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग. या इंजिनात दोन प्लग आहेत. घाईतला मिस्त्री एक बदलतो, अवघड जागेचा दुसरा तसाच ठेवतो. दोन्ही बदलून घ्या. ऑइल मोटारसायकलचंच, कारचं टाकलं तर क्लच घसरतो.

६. दिवे : ५०० रुपये. काच पॉलिश करा, कंपनीच्या वॅटचाच बल्ब लावा, मागचा ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकवर लागतो का पाहा. बाजारू एलईडीने समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमची वायरिंग जळते.

झाले दहा हजार. एकदम नसतील तर याच क्रमाने महिन्याला एक काम करा. गाडी गॅरेजवर सोडून चहाला जाऊ नका, मिस्त्रीच्या बाजूला बसा. ‘काका, हे काहून खोललं?’ असं विचारा. चांगला मिस्त्री सांगतो. ऑइल बदलणं, चेन ताणणं, प्लग साफ करणं दुसऱ्या वेळी तुम्हीच कराल. हात बसले तर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक ट्रेड आहेच. गाडीच्या वेडातून रोजगाराची वाट निघते ती अशी.

रेसवालेही हेच करतात

हे सगळं घाबरट लोकांचं शहाणपण वाटतंय? मग इंजिनिअरिंगच्या पोरांची ‘बाहा’ स्पर्धा पाहा. एसएई इंडिया २००७ पासून ती घेते, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला ती गाजली. विद्यार्थी स्वतः चारचाकी बग्गी बनवतात आणि खडकाळ ट्रॅकवर पळवतात. त्यात दहा हॉर्सपॉवरचं इंजिन सगळ्यांना एकच आणि त्याला हात लावायला मनाई. मग जिंकतं कोण? ज्याची गाडी हलकी, सस्पेन्शन नीट, ब्रेक पक्के. आणि ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम होतात, हे दाखवल्याशिवाय गाडीला शर्यतीत उतरूच देत नाहीत. आधी थांबून दाखव, मग पळ. हा नियम रेसवाल्यांचा आहे, घरच्यांचा नाही.

आणि कायदा

९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० नुसार पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नोंदणी वाढवायला गाडी आरटीओसमोर उभी करायची, तेव्हा ती मूळ रूपात लागते. मूळ सायलेन्सर भंगारात दिला असेल तर तोच पुन्हा विकत घ्यावा लागतो. म्हणजे त्या आवाजाचे पैसे दोनदा गेले.

वर दिलेल्या सहा कामांत एकही बेकायदा नाही. टायर, पॅड, चेन, ऑइल ही गाडी जशी बनली होती तशी पुन्हा करण्याची कामं आहेत. पंधरा वर्षांच्या गाडीला पुन्हा पहिल्या वर्षासारखी करणं, याहून मोठा अपग्रेड दहा हजारात मिळत नाही.

यादीत हेल्मेट मुद्दाम धरलं नाही. ते गाडीच्या खर्चात मोडत नाही. आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट आधी घ्यायचं, गाडी नंतर. पैसे कमीच पडत असतील तर टायर पुढच्या महिन्यात घ्या आणि तोवर गाडी हळू चालवा. मित्राने डिवचलं, ‘तुझ्या गाडीला आवाजच नाही बे’, तर त्याला मैदानावर न्या. दोघांनी ताशी ४० वर एकाच रेषेवर ब्रेक मारा. कोणाची गाडी आधी थांबते, ते त्याला आपोआप दिसेल.